वायू शहराला, खत कोणाला?

कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखान्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांच्या हस्ते सीबीजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. सहकारी साखर कारखान्याने उभारलेला देशातील पहिला प्रकल्प म्हणून त्याचा योग्य तो गाजावाजा झाला. रोज १२ टन वायू ही त्याची क्षमता. अशा बातम्यांत वायूचा आकडा नेहमीच मथळ्यात असतो; त्याच टाकीतून बाहेर पडणाऱ्या खताचा उल्लेख झालाच तर तो शेवटच्या परिच्छेदात, ‘शिवाय सेंद्रिय खतही मिळणार’ अशा थाटात होतो. शेतातील टाकाऊ मालापासून वायू करण्याच्या या साऱ्या खटाटोपाचे भवितव्य मात्र मथळ्यावर नव्हे, त्या शेवटच्या परिच्छेदावर अवलंबून आहे.

सीबीजी म्हणजे संपीडित जैववायू. शेण, प्रेसमड, भाताचा पेंढा किंवा भाजीपाल्याचा कचरा हवाबंद टाकीत कुजवला की जिवाणू त्याचे आधी आम्लांत आणि मग मिथेनमध्ये रूपांतर करतात. टाकीतून निघणाऱ्या वायूत मिथेन ५५ ते ६० टक्के असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. तो आणि गंधकाचा वायू काढून टाकला आणि मिथेनचे प्रमाण नव्वद टक्क्यांपुढे नेले की तो गुणधर्माने सीएनजीच्या बरोबरीला येतो. मग त्यावर मोटार चालते, तो पाइपातून घरातही जातो. इथपर्यंतचे तंत्र आता कोणाला नवे नाही.

लक्षात घेण्यासारखी बाब वेगळीच आहे. मिथेन हा केवळ कर्ब आणि हायड्रोजन यांचा बनलेला आहे. त्यामुळे वायू काढून घेतल्यावर कच्च्या मालातील नत्र, स्फुरद व पालाश जवळजवळ पूर्णपणे टाकीतील रबडीतच राहतात. लिग्निनसारखा चिवट कर्बही, जो जिवाणूंना पचत नाही आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो, तिथेच उरतो. जमिनीतून जे वर आले त्यातील मातीच्या कामाचा भाग वायू विकूनही शिल्लक राहतो, तो परत मातीत घालता येतो. सूर्यप्रकाश आणि हवा यांतून पिकाने मिळवलेले तेवढेच विकायचे आणि जमिनीचे ते जमिनीला द्यायचे, असा हा व्यवहार आहे. कागदावर यापेक्षा चोख व्यवहार शेतीत दुसरा सापडणे कठीण. पण ही रबडी शेतापर्यंत पोहोचली नाही, तर हाच व्यवहार जमिनीच्या लुटीचा ठरतो. कारण प्रकल्प येण्यापूर्वी तो टाकाऊ माल कसाबसा का होईना, शेतातच जात होता.

हे तंत्र मुंबईला परके नाही. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून मिळवलेल्या वायूवर दिवे लागत होते. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र तयार केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकात ते स्वीकारले आणि ‘गोबर गॅस’ हा शब्द मराठी घरांत रुळला. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशभरात घरगुती संयंत्रांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा राहिला. त्यांतील कित्येक आज बंद आहेत. लोखंडी टाक्या गंजल्या, पाण्याची टंचाई झाली, गोठ्यातली जनावरे कमी झाली, पुढे सिलिंडर दारात आला. दोन घनमीटरच्या लहान संयंत्रालाही रोज पन्नासेक किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. ज्या घरात दोनच गाई उरल्या तिथे टाकी अर्धपोटी राहिली. वायूला पर्याय आला, तेव्हा केवळ वायूसाठी बांधलेल्या टाकीचे प्रयोजन संपले. रबडीची किंमत ज्यांना कळली होती, त्यांना ती टाकी मोडीत काढण्याचे कारण नव्हते.

त्या अनुभवानंतर सरकारने मोठ्या, व्यापारी प्रकल्पांकडे मोर्चा वळवला. १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ ही योजना जाहीर झाली. २०२० पर्यंत २५०, २०२२ पर्यंत एक हजार आणि २०२५ पर्यंत पाच हजार प्रकल्प, वर्षाला दीड कोटी टन वायू आणि पाच कोटी टन खत, असे तिचे लक्ष्य होते. तेल कंपन्यांनी किलोमागे ४६ रुपये दराने वायू घेण्याची तयारी दाखवली. २०२५ उजाडले तेव्हा प्रत्यक्ष चालू झालेल्या प्रकल्पांची संख्या शे-दीडशेच्या पलीकडे गेलेली नव्हती. योजनेच्या नावातले सातत्य जमिनीवर उतरायचे होते.

ही पीछेहाट झाली ती केवळ दिरंगाईमुळे, असे मानणे सोपे आहे. बँकांचे कर्ज, कच्च्या मालाचे अनिश्चित भाव, वायू वाहून नेण्याची अपुरी सोय ही कारणे खरीच आहेत. वायूच्या बाजूची अडचण मात्र हळूहळू सुटत आली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने शहर वायू वितरण कंपन्यांवर सीएनजी आणि घरगुती वायूत जैववायू मिसळण्याचे बंधन जाहीर केले. २०२५-२६ साठी एक टक्का, २०२६-२७ साठी तीन, त्यानंतरच्या वर्षासाठी चार आणि २०२८-२९ पासून पाच टक्के. म्हणजे वायूला कायद्याने ग्राहक मिळाला. खताला असा ग्राहक कोणी दिला आहे का? उत्तर नकारार्थी आहे, आणि सारे घोडे तिथेच पेंड खाते.

पंजाबमधील उदाहरण बोलके आहे. संगरूर जिल्ह्यातील लेहरागागा येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर चालणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. रोज ३०० टन पेंढा, ३३ टन वायू, आणि ६०० ते ६५० टन किण्वित सेंद्रिय खत, असा त्याचा जाहीर हिशेब होता. कुजवण्यासाठी पाणी मिसळावे लागते, म्हणून खताचे वजन पेंढ्याच्या दुप्पट भरते. म्हणजे वायूच्या एका टनामागे खताचे अठरा-वीस टन! पेंढा जाळण्याने दिल्लीपर्यंत धुराचे लोट जातात, त्यावर हा उपाय मोलाचा आहे, यात वाद नाही. परंतु ६०० टन ओले खत रोज उचलणे म्हणजे दहा टनी साठ मालमोटारी रोज भरणे. आणि शेतकरी खत रोज घेत नाही; पेरणीपूर्वीच्या काही आठवड्यांत घेतो. उरलेल्या दिवसांत ते ठेवायचे कोठे? २०२४ मध्ये लुधियाना जिल्ह्यात घुंगराली राजपुताँ, भूंदडी, अखाडा आणि मुश्काबाद येथील ग्रामस्थांनी अशा प्रकल्पांविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन केले. दुर्गंधी आणि भूजल बिघडण्याची भीती ही त्यांची तक्रार होती. तिच्यातील शास्त्रीय तथ्य किती, हा वेगळा मुद्दा. पण न उचललेली रबडी आधी वास मारते, मग झिरपते, आणि उघड्यावर साठवली तर तिच्यातून उरलासुरला मिथेन हवेतही जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट मानली जाते. हरित म्हणवणाऱ्या प्रकल्पाला हे परवडणारे नाही.

महाराष्ट्रात चित्र निराळे आहे आणि ते समजून न घेता पंजाबची नक्कल करणे घातक ठरेल. ‘शेतातील कचरा’ हा शब्दच येथे जपून वापरावा लागतो. ज्वारीचा कडबा हा कचरा नव्हे, तो जनावरांचा चारा आहे आणि दुष्काळात त्याला धान्याइतके मोल येते. सोयाबीनचे कुटार गोठ्यात जाते. शेण कोठे उकिरड्यावर, कोठे गोवऱ्यांत जाते. फुकट पडलेले नसते. विदर्भातील कपाशीची पऱ्हाटी बांधावर पेटवली जाते हे खरे, परंतु ती लाकडासारखी कठीण असल्याने हवाबंद टाकीत सहज पचत नाही. उसाचे पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघते आणि अजूनही अनेक ठिकाणी त्याला काडी लावली जाते. मात्र ते फडातच सरीत ठेवून कुजवावे, ही शिफारस कृषी खाते आणि विद्यापीठे वर्षानुवर्षे करीत आली आहेत व ती पटलेले शेतकरी वाढत आहेत. नेमक्या त्याच पाचटावर वायूसाठी बोली लागली, तर एका सरकारी योजनेने दुसरीचे पाय ओढल्यासारखे होईल.

मग उरते काय? खऱ्या अर्थाने एकाच जागी, मोठ्या प्रमाणात साठणारा माल म्हणजे साखर कारखान्यातील प्रेसमड. त्याखेरीज आसवन्यांचे स्पेंटवॉश, कोंबड्यांची विष्ठा, बाजार समित्यांतील सडका कांदा-भाजीपाला, खानदेशातील केळीची खुंटे. प्रेसमडचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. राज्यात चांगल्या हंगामात सुमारे एक हजार लाख टन उसाचे गाळप होते. त्याच्या चार टक्के धरले तर ४० लाख टन प्रेसमड. पंचवीस टन प्रेसमडपासून साधारण एक टन सीबीजी मिळतो. म्हणजे राज्यातील सगळ्या कारखान्यांचा सगळा प्रेसमड वापरला, तरी वर्षाला दीड लाख टनांहून थोडा अधिक वायू. ‘सतत’च्या दीड कोटी टनांच्या लक्ष्यापुढे हा आकडा जेमतेम एक टक्का भरतो. देशाच्या वायुटंचाईवरचा उतारा म्हणून त्याकडे पाहणाऱ्यांची निराशा होईल. परंतु चाळीस लाख टन सेंद्रिय पदार्थ कोठे जातो, हा प्रश्न उसाच्या पट्ट्यातील मातीच्या दृष्टीने जेमतेम एका टक्क्याचा नाही.

आजवर हा प्रेसमड सभासद शेतकरी ट्रॉलीने नेत असत, किंवा कारखाना त्यात स्पेंटवॉश मुरवून कंपोस्ट करीत असे व ते सवलतीत देत असे. ती पद्धत आदर्श होती असे नव्हे. उघड्यावर कुजताना बराच कर्ब आणि नत्र उडून जात असे. तरीही माल जमिनीकडे परतत होता. सीबीजीमुळे प्रेसमडला टनावर भाव आला आणि तो बाहेरच्या कंपन्यांना विकण्याची वाट खुली झाली. साखरेच्या दरात अडकलेल्या कारखान्याला हे उत्पन्न हवेच असते. पण उसाचा फड एका तालुक्यात, वायूचा प्रकल्प दुसऱ्या आणि खताचा ढीग तिसऱ्याच ठिकाणी, असे झाले तर ऊसकरी आपल्या शेतातील स्फुरद आणि कर्ब विकून बसल्याचे त्याच्या लक्षातही येणार नाही. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत मातीतील सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे. अशा जमिनीत युरियाचे पोते कितीही ओतले तरी उतारा वाढत नाही, ही तक्रार आता कृषी प्रदर्शनातल्या व्याख्यानांपुरती राहिलेली नाही. ती बांधावर ऐकू येते.

युरियाचे पोते हाच या खताचा खरा प्रतिस्पर्धी आहे. ४५ किलोचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि त्यात २० किलोंहून अधिक नत्र असते. किण्वित खताच्या टनात नत्र, स्फुरद, पालाश मिळून बारा-पंधरा किलो धरले, तर एका पोत्याइतक्या मूलद्रव्यांसाठी दीड टन माल वाहून आणावा, पसरावा लागेल. मजुरी आणि वाहतूक मोजली की पोत्याशी तुलना संपतेच. शेतकरी अडाणी म्हणून हे खत घेत नाही, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. या खताचे मोल मूलद्रव्यांत नाही, कर्बात आहे. ओल धरून ठेवण्यात, मातीतील जिवाणूंना खाद्य देण्यात आहे. ते मोल एका हंगामात दिसत नाही आणि दुकानदाराच्या पावतीवर तर मुळीच नाही.

सरकारला याची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. २०२० मध्ये खत नियंत्रण आदेशात किण्वित सेंद्रिय खत, घन आणि द्रव या दोन्ही रूपांत, समाविष्ट झाले. २०२३ मध्ये ‘गोबरधन’ प्रकल्पांच्या खतासाठी टनाला १५०० रुपयांचे विपणन साहाय्य मंजूर झाले. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी एकूण १४५१ कोटी ८४ लाख रुपये. भागाकार केला तर हे साहाय्य तीन वर्षांत मिळून सुमारे ९७ लाख टनांना पुरते, आणि ‘सतत’चे लक्ष्य होते वर्षाला पाच कोटी टन. त्याच काळात रासायनिक खतांवरील केंद्राचे अनुदान दर वर्षी दीड लाख कोटी रुपयांहून अधिक राहिले. तराजूची दोन पारडी अशी असताना मातीने कोणत्या बाजूला झुकावे, अशी अपेक्षा आहे? शिवाय साहाय्य मिळते ते टनावर. त्यामुळे माल शेतात पोहोचला काय नि पिकाला लागू पडला काय, याची चौकशी करण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

परदेशांत या बाबतीत दोन अगदी भिन्न वाटा दिसतात. जर्मनीने २००४ मध्ये अक्षय्य ऊर्जेच्या कायद्यात बदल करून जैववायूसाठी मुद्दाम पिकवलेल्या मालाला जादा दर दिला. वायू हेच साध्य ठरल्यावर शेतकऱ्यांनी सर्वांत जास्त वायू देणारे पीक धरले. मका इतका पसरला की लोक त्याला ‘मक्याकरण’ म्हणू लागले आणि २०१२ मध्ये सरकारला टाकीत जाणाऱ्या मक्यावर ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. नेपिअर गवताची लागवड करा, हमीने घेऊ, अशी आश्वासने आपल्याकडे बागायती पट्ट्यांत दिली गेली, ती ऐकताना जर्मनीचा मका आठवावा. पाण्यावर पोसलेले गवत वायूसाठी कुजवणे हा टाकाऊतून टिकाऊचा प्रयोग नव्हे, तो दुसरा ऊस आहे.

डेन्मार्कने दुसरी वाट धरली. तेथील सामायिक प्रकल्पांपैकी अनेक प्रकल्प शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी चालवले. जो टँकर गोठ्यातील मलमूत्र घेऊन येतो तोच कुजलेली रबडी घेऊन परत जातो. प्रत्येक हेक्टरमध्ये किती नत्र घालायचे यावर कायद्याचे बंधन असल्याने ज्याच्याकडे जनावरे जास्त आणि जमीन कमी, त्याचा वाटा धान्य पिकवणाऱ्या शेजाऱ्याकडे जातो. नत्राची नोंद होते, रबडी केव्हा टाकायची याचेही नियम आहेत. आज डेन्मार्कच्या वायुवाहिन्यांतील सुमारे ४० टक्के वायू हा जैविक आहे. वायूत एवढी मजल मारणाऱ्या देशाने खताच्या परतीचा रस्ता आधी बांधला होता, हे नजरेआड करून चालणार नाही.

सहकार ही काही डेन्मार्ककडून उसनी आणावी अशी गोष्ट नव्हे. ऊस घेऊन येणारे ट्रॅक्टर आणि मालमोटारी गाळपाच्या चार-पाच महिन्यांत कारखान्याच्या गव्हाणीवरून रिकाम्या परत जातात. जाताना त्यांत खत भरले, तर वाहतुकीचा मोठा भाग फुकटात होतो. सुरू उसाची लागवड आणि खोडव्याची मशागत त्याच महिन्यांत पडते, त्यामुळे मागणीची वेळही जुळते. सभासदाला सवलतीची साखर देण्याचा प्रघात कारखान्यांत जुना आहे; टनाला अमुक किलो किण्वित खत देण्याचा प्रघात पाडण्यास कायद्याची कोणतीच आडकाठी नाही. मात्र ते खत उन्हात वाळवून पिशव्यांत भरण्याचा मोह टाळावा लागेल. कुजण्याच्या क्रियेत नत्राचा मोठा हिस्सा अमोनियाच्या रूपात येतो. तो पिकाला चटकन मिळतो, तसा उघड्यावर चटकन उडूनही जातो. रबडी पाण्याबरोबर सरीत सोडली किंवा लगेच मातीआड केली तर हा नत्र वाचतो. कोल्हापूर-सांगलीच्या पाण्याने बिघडलेल्या जमिनींत आणि मराठवाड्यातील कोरड्या रानांत ती किती व केव्हा द्यायची, याची उत्तरे एकच असू शकत नाहीत. ती शोधण्याचे काम वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आणि कृषी विद्यापीठांनी आता अग्रक्रमाने करायला हवे, कारण प्रकल्पांचे करार संशोधनाची वाट पाहत थांबलेले नाहीत.

अडचणी यानेही संपत नाहीत. प्रेसमड हंगामातच निघतो, टाकीला मात्र वर्षभर खाद्य हवे. साठवला तर तो आपोआप कुजू लागतो आणि वायूचे प्रमाण घटते. म्हणून स्पेंटवॉश, शेण, बाजारातील कचरा असा मिश्र माल घेणारे प्रकल्प पुढे येत आहेत, कोपरगावचा प्रकल्पही बहुविध मालाचाच आहे. मिश्र माल आला की खताची प्रत दर महिन्याला बदलते. कोंबडीखाद्यातून जड धातू, शहरी कचऱ्यातून प्लॅस्टिकचे कण रबडीत उतरू शकतात, आणि एकदा मातीत गेलेले ते परत काढता येत नाहीत. प्रत्येक खेपेची तपासणी करणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या ठिकाणी नसेल, तर पहिल्या दोन-चार वाईट अनुभवांनंतर शेतकरी या खताकडे फिरकणारही नाही.

सहकारी कारखान्यांत असे आणखी प्रकल्प उभारण्यासाठी राष्ट्रीय सहकार विकास निगमाचा निधी देण्याची भूमिका केंद्राने घेतली आहे. म्हणजे येत्या एक-दोन वर्षांत बऱ्याच संचालक मंडळांपुढे प्रेसमडचे दीर्घ मुदतीचे करार येतील. त्यांत वायूचा दर असेल, प्रेसमडचा दर असेल, दंडाची कलमे असतील. किती खत, कोणत्या प्रतीचे, कोणत्या सभासदाच्या शेतावर आणि कोणाच्या खर्चाने परत येणार, हे कलम बहुतेक मसुद्यांत असणार नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या पहिल्या उचलीवरून तासन् तास रण माजते. एकदा वीस वर्षांचा करार झाला की या कलमासाठी भांडायला जागा उरणार नाही.